स्ट्रॅटेगोस म्हणजे ‘सर्वोच्च सेनापती’ नव्हे

मॅनेजमेंटच्या प्रशिक्षणात एक स्लाइड हमखास येते: ‘ग्रीकांचा सर्वोच्च सेनापती तो स्ट्रॅटेगोस. तो एकटा ठरवी, बाकीचे ऐकत. त्याची विद्या ती स्ट्रॅटेजी.’ व्हॉट्सॲपवर पोचेपर्यंत तिला शेपूटही फुटतं: ‘शब्द मुळात संस्कृत.’

‘एकटा’पासूनच गाडी घसरते. अथेन्समध्ये इ.स.पू. ५०१च्या सुमारास दरवर्षी १० स्ट्रॅटेगोस निवडायला सुरुवात झाली, नागरिकांच्या १० गणांतून प्रत्येकी एक. तिथली बरीच पदं चिठ्ठ्या टाकून भरत. हे मात्र हात वर करून, मतदानाने. इ.स.पू. ४९०मध्ये मॅरेथॉनला इराणी फौजेशी लढायचं की थांबायचं यावर दहा जणांत फूट पडली, असं ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो. कोंडी फोडली ती पोलेमार्क या वेगळ्याच अधिकाऱ्याच्या, कॅलिमाकसच्या, अकराव्या मताने.

‘सर्वोच्च’ तर नाहीच. डोक्यावर नागरिकांची सभा बसलेली. अथेन्सचा बडा पुढारी पेरिक्लीस वर्षानुवर्षं निवडून येत होता, तरी इ.स.पू. ४३०मध्ये त्यालाही पदावरून काढून दंड ठोठावला. इ.स.पू. ४०६मध्ये अर्जिनुसाईची आरमारी लढाई अथेन्सने जिंकली, पण वादळात बुडणाऱ्या आपल्या खलाशांना वाचवता आलं नाही. सभेने आठ स्ट्रॅटेगोसना एकगठ्ठा दोषी ठरवलं. दोघं परतलेच नव्हते. उरलेल्या सहांना मृत्युदंड, त्यात पेरिक्लीसचा मुलगाही. हे जिंकून आलेल्यांचं! आणि हो, नाटककार सोफोक्लीसही एकदा या पदावर होता.

स्ट्रॅटेजीचं म्हणाल तर ग्रीकांत ‘स्ट्रॅटेगिया’ म्हणजे हे पद, किंवा फौज चालवण्याचं कसब. कंपनीची पाच वर्षांची योजना वगैरे अर्थ फार नंतरचे.

आता शेपूट. ‘स्ट्रॅटोस’ म्हणजे तळ ठोकून पसरलेली फौज, ‘आगो’ म्हणजे नेणे, हाकणे. पहिल्याचं नातं संस्कृत ‘स्तृ’शी (पसरणे, अंथरणे, आपला ‘थर’ त्याच कुळातला), दुसऱ्याचं ‘अज्’शी. नातं खरंच आहे, पण चुलत भावंडांचं. दोन्ही भाषा एकाच जुन्या भाषेतून फुटल्या. एकीने दुसरीला जन्म दिलेला नाही.

उलट हा शब्द तिकडून इकडे आल्याचा पुरावा धातूत कोरलेला आहे. गांधार भागातल्या अस्पवर्मा या स्थानिक शासकाच्या, इ.स.च्या पहिल्या शतकातल्या नाण्यांवर खरोष्ठी लिपीत लेख आहे: ‘इंत्रवर्मपुत्रस अस्पवर्मस स्त्रतेगस जयतस’, म्हणजे इंद्रवर्म्याचा पुत्र, विजयी स्त्रतेग अस्पवर्मा याचं. ग्रीक पदाला प्राकृतातला षष्ठीचा ‘स’ लावलेला.