तक्त्यातले रकाने कोण आखतं?

संगीतशिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतोय: ‘संगीतशिक्षणातलं आकडेवारीचं संशोधन निष्पक्षच असतं, आकड्याला वंश नसतो की लिंग नसतं. वादक परीक्षकांना दिसू नये म्हणून पडद्याआड चाचणी घ्या, भेदभाव संपला. आणि मुली तर संगीतात पुढेच आहेत.’ मी फोंड्यात शिकवते, परीक्षकाच्या खुर्चीतही बसते. मला यातलं एकही वाक्य पटत नाही.

आकड्याला वंश नसतो? अमेरिकेत १९९५ साली चार्ल्स इलियट यांनी ध्वनिमुद्रण तेच ठेवलं आणि व्हिडिओत वाजवताना दिसणारी माणसं बदलली: गोरी, काळी, बाई, पुरुष. गुण देणारे संगीताचेच विद्यार्थी होते. त्यांनी कृष्णवर्णीय वादकांना कमी गुण दिले. सूर तर तोच होता! गुण पडतानाच वंश त्यात मिसळला, की पुढचं गणित कितीही चोख असो, तो वेगळा काढता येत नाही.

पडदा मला हवाच आहे. पण अमेरिकी वाद्यवृंदांच्या निवडचाचण्यांवर गोल्डिन आणि राऊस यांनी २००० साली अभ्यास केला; पडद्यामुळे बाई पुढच्या फेरीत जाण्याची शक्यता ५० टक्क्यांनी वाढते, हा त्यातला प्रसिद्ध आकडा ठराविक प्राथमिक फेऱ्यांपुरता आहे. उपांत्य फेरीत त्यांच्याच तक्त्यात चित्र उलटं दिसतं. शिवाय पडद्यापर्यंत पोचतं कोण? एल्पस आणि आब्रिल यांनी २०११ साली दाखवलं की अमेरिकी हायस्कुलांच्या वाद्यवृंद-गायनवृंदांत हिस्पॅनिक मुलं त्यांच्या संख्येच्या मानाने कमी आहेत. जी मुलं वर्गातच आली नाहीत, त्यांना पडद्याचा काय उपयोग?

मुली पुढे आहेत, हे डोकी मोजली तर खरं. कोणत्या वाद्यापाशी, ते विचारा. १९७८ साली एबेलेस आणि पोर्टर यांना आढळलं की लोक मुलीसाठी बासरी, व्हायोलिन निवडतात आणि मुलासाठी ड्रम, ट्रॉम्बोन.

खरी मेख रकान्यांत आहे. ‘वंश’ एक रकाना, ‘लिंग’ दुसरा, दोन्हींचा परिणाम सुटा मोजायचा आणि दोन्हींत एकदम उभी असलेली बाई हरवून टाकायची, असं पुष्कळदा होतं. वंश आणि जात एक नव्हे, पण आपल्याकडेही हेच घडेल. केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई या दोघी थोर गायिका कलावंत समाजातल्या, म्हणजे देवळाच्या सेवेत गाणं-नाचणं परंपरेनं करणाऱ्या समाजातल्या. त्या काळच्या गोव्याचा तक्ता फक्त स्त्री-पुरुष असा मांडला, तर वाटेल की बायकांना गाण्याचं दार उघडंच होतं. ‘कुलीन’ म्हणवणाऱ्या घरांतल्या मुलींना मैफलीत गायची मुभा नव्हती, हे त्यात येणार नाही. फक्त जातीचा रकाना घेतला, तर कलावंत समाजाला गाण्याचा जणू मानच मिळालेला दिसेल. गाणाऱ्या बाईनं त्यासाठी काय सोसलं, ते कुठल्याच रकान्यात उतरत नाही.

आकडे फेकून द्या, असं मी म्हणत नाही. उलट यंदा माझ्या वर्गांची नोंद करताना मी वाद्य आणि मुलगा-मुलगी हे रकाने एकमेकांना जोडून भरतेय, आणि ज्या मुलींनी तबला मध्येच सोडला, त्यांच्या घरी जाऊन कारण विचारतेय.