ऑपरेशनआधी घराचीही तयारी करा

ऑपरेशनआधीच्या तयारीवरच्या तुमच्या लेखात तपासण्या आणि उपाशी राहण्याबद्दल नीट लिहिलंय, पण घरच्या तयारीचं राहून गेलं. आईच्या गुडघ्याचा सांधा बदलायच्या ऑपरेशनआधी आठवडाभर आम्ही वॉकर आणून ठेवला होता. तो बाथरूमच्या दारातून आत जाईचना, जेमतेम दोन बोटांनी अडत होता! हे ऑपरेशननंतर कळलं असतं तर? मग अरुंद वॉकर आणला, पायपुसणी उचलली, कमोडवर उंच सीट बसवली.

व्यायामही आधीच शिकून घ्या. पाय सरळ ठेवून मांडीचा स्नायू 5 सेकंद आवळायचा, मग सोडायचा. आईला सवय होती, त्यामुळे नंतर दुखत असतानाही तिला ते जमलं.

आणि डॉक्टरांपासून काहीही लपवू नका. रक्त पातळ करणारी गोळी, शुगरची औषधं, काढे, चूर्णं सगळं सांगा. मनाने बंदही करू नका. किडलेला दात, लघवीची जळजळ, पायावरची साधी जखमही सांगा, तिथले जंतू नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतात. सिगारेट-तंबाखू किमान 4 आठवडे आधी सोडा, नाहीतर जखम आणि हाड भरायला उशीर होतो. हो, ऑपरेशनच्या जागेवरचे केस घरी रेझरने काढू नका. बारीक ओरखड्यांतूनही संसर्ग होतो.