‘निर्वासित व्हा, सेटल व्हा’: त्या मेसेजमधला एकेक दावा तपासून

मराठवाड्यातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: जर्मनीत निर्वासित म्हणून अर्ज केला की पहिल्या दिवसापासून घर आणि पगार सुरू होतो, जुनी डिग्री आहे तशी चालते, पाच वर्षांत नागरिकत्व हातात पडतं. तेव्हा पोराच्या शिक्षणासाठी जमीन विकू नका, त्याला व्हिजिट व्हिसावर पाठवा आणि तिथे आश्रयाचा अर्ज टाकायला सांगा. हा शेवटचा सल्ला एखाद्या घराचं कायमचं नुकसान करू शकतो, म्हणून प्रत्येक दाव्याला उत्तर देणं भाग आहे.

आधी घर आणि पगार. अर्जदाराला सरकारी स्वागत केंद्रात ठेवतात, आणि तिथली खोली बहुतेक वेळा इतरांसोबत वाटून घ्यावी लागते. पगार मिळत नाही, निर्वाह मदत मिळते. सामूहिक निवासात राहणाऱ्या एकट्या प्रौढाला २०२५ च्या दराने ती महिना ३९७ युरो होती. केंद्रात जेवण दिलं जात असेल तर त्याची किंमत यातून वजा होते. अनेक जिल्ह्यांत ही रक्कम कार्डावर येते आणि त्यातली रोख महिन्याला ५० युरोपर्यंतच काढता येते. पहिले तीन महिने काम करायला बंदी असते. स्वागत केंद्रातच राहावं लागलं तर साधारणपणे सहा महिने. अर्ज मंजूर झाल्यावर मदतीचा दर वाढतो (२०२५ मध्ये एकट्या माणसाला ५६३ युरो आणि वाजवी घरभाडं), पण रोजगार कार्यालयाने दिलेली वेळ आणि ठरवलेला भाषेचा वर्ग चुकवला की रक्कम कापली जाते. ‘फुकट विमानाने नेतात’ हेही याच मेसेजच्या काही प्रतींत आहे. अमेरिका आणि कॅनडाने निवडून नेलेल्या निर्वासितांना प्रवासखर्च बिनव्याजी कर्ज म्हणून मिळत आला आहे, आणि तिथे पोचल्यावर ते हप्त्यांनी फेडावं लागतं.

डिग्रीचा दावा सगळ्यात खोटा आहे, आणि त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येमेन, इराकचे विद्यार्थी अनेक वर्षं शिकत आले आहेत. सप्टेंबर २०१४ मध्ये येमेनची राजधानी सना हूथी बंडखोरांच्या ताब्यात गेली, मार्च २०१५ पासून हवाई हल्ले सुरू झाले, आणि शिक्षण संपवून घरी परतण्याची वाट अनेकांसाठी बंद झाली. असा माणूस पुढे जर्मनीत पोचला तर त्याच्या हातात आपल्याच विद्यापीठाची पदवी असते. ती तिथे कशी ‘चालते’ ते पाहा.

पहिला प्रश्न असतो, व्यवसाय नियमन असलेला आहे की नाही. डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट, शाळेतला शिक्षक यांना मान्यतेशिवाय कामच करता येत नाही. संगणक किंवा रसायनशास्त्रातल्या पदवीधराला कायद्याने मान्यता लागत नाही, पण मालकाला पदवीची किंमत कळावी म्हणून तुलनापत्र घ्यावं लागतं. त्याचं शुल्क सुमारे २०० युरो. त्यासाठी सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र आधी जमवावं. नियमन असलेल्या व्यवसायात तासांसह अभ्यासक्रमही मागतात, आणि त्यावर विभागाचा सही-शिक्का हवा. इथे अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा नावावर. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी असतं, पासपोर्टवर शेवटी. अरबी नावं चार-चार भागांची, आणि दर कागदावर स्पेलिंग वेगळं. शिवाय जुन्या पदवीवर ‘औरंगाबाद’, नव्या पत्रावर ‘छत्रपती संभाजीनगर’, आणि १९९४ च्या आधीची पदवी असेल तर विद्यापीठाचं नावच निराळं. परदेशातल्या तपासनिसाला या दोन वेगळ्या संस्था वाटू शकतात. एकच व्यक्ती, एकच संस्था असल्याचं विद्यापीठाचं एका परिच्छेदाचं पत्र पहिल्याच अर्जाला जोडलं तर महिनोन्‌महिन्यांचा पत्रव्यवहार वाचतो.

डॉक्टरांचा रस्ता याहून लांब आहे. आधी रोजच्या जर्मन भाषेची बी२ पातळी (युरोपात भाषेच्या पातळ्या ए१ पासून सी२ पर्यंत चढत्या मोजतात). मग वैद्यकीय भाषेची परीक्षा, सी१ पातळीची, प्रत्येकी वीस मिनिटांच्या तीन भागांत: रुग्णाशी बोलणं, त्याची टिपणी लिहिणं, आणि तो रुग्ण वरिष्ठ डॉक्टरसमोर मांडणं. अभ्यासक्रमाची तुलना करून उणीव निघाली आणि अनुभवानेही ती भरून निघाली नाही, तर ज्ञानचाचणी द्यावी लागते, आणि तिचा गाभा मेडिसिन व सर्जरी हा असतो. दरम्यान देखरेखीखाली काम करण्याचा तात्पुरता परवाना जास्तीत जास्त दोन वर्षांचा. मायदेशात दहा वर्षं शस्त्रक्रिया केलेला माणूस या काळात पुन्हा विद्यार्थी होतो. तरीही जर्मनीतल्या परदेशी डॉक्टरांमध्ये सर्वांत मोठा गट आज सिरियाई डॉक्टरांचा आहे. तो या परीक्षांमधून गेला आहे, आणि त्याला ‘आयतं खाणारे’ म्हणणं मोठा अन्याय आहे.

कागदच जळाले असतील तर? आयटीआयसारख्या कौशल्याच्या धंद्यांसाठी जर्मन कायद्यात सोय आहे: कारागिराकडून तज्ज्ञांसमोर प्रत्यक्ष काम करून घेतात, मुलाखत घेतात आणि त्यावरून त्याची पात्रता ठरवतात. इलेक्ट्रिशियन, वेल्डर, सुतार यांना याचा उपयोग होतो. पण ही सोय आपोआप मिळत नाही. कागद का आणता येत नाहीत हे आधी पटवून द्यावं लागतं.

आता भाषा. सरकारी अभ्यासक्रम ७०० तासिकांचा: ६०० भाषेच्या, १०० देशाच्या ओळखीच्या, तासिका ४५ मिनिटांची. त्यातून बी१ पातळी गाठणं अपेक्षित असतं, आणि बी१ वर गोदामातलं काम मिळतं, कार्यालयातलं सहसा नाही. नेमकी इथे मोठी चूक होते. गावाकडे पैसे पाठवायची घाई असते, म्हणून माणूस गोदामात लागतो, पाळ्यांमुळे संध्याकाळचा वर्ग सुटतो आणि अभियंता तिथेच अडकतो. ज्यांना जमतं ते अर्धवेळ काम धरून बी२ आधी पुरं करतात, किंवा तीन वर्षांचं व्यावसायिक प्रशिक्षण घेतात. २०२५ मध्ये सुरू झालेल्या प्रशिक्षणात पहिल्या वर्षाचं किमान विद्यावेतन महिना ६८२ युरो होतं. बायकांची अडचण आणखी मोठी, कारण पाळणाघरात जागा मिळाल्याशिवाय वर्गाला जाता येत नाही. २०१५ मध्ये जर्मनीत आलेल्या निर्वासितांपैकी २०२२ पर्यंत ६४ टक्के लोक कामाला लागले होते. पुरुषांत ७५ टक्के, स्त्रियांत ३१. म्हणजे बहुसंख्य लोक काम करतातच, पण त्याला सात वर्षं लागली.

नागरिकत्वाची पाच वर्षं खरी आहेत, जून २०२४ च्या कायद्यापासून. सोबतच्या अटी मेसेजने गाळल्या आहेत: सरकारी मदतीविना स्वतःचा खर्च चालवणं, बी१ जर्मन, आणि नागरिकत्वाच्या चाचणीत ३३ पैकी किमान १७ प्रश्नांची बरोबर उत्तरं.

आता तो सल्ला. १९५१ च्या निर्वासित कराराप्रमाणे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व किंवा राजकीय मत यांपैकी एका कारणाने छळाची साधार भीती असावी लागते. दुष्काळ, कर्ज, बेरोजगारी ही दुःखं खरी आहेत, पण त्या पाचांत बसत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने सुरक्षित मूळ देशांची जी यादी मांडली तिच्यात भारत आहे. अशा देशातल्या माणसाचा अर्ज वेगळ्या, जलद पद्धतीने तपासला जातो. एजंटने पाठ करून दिलेली कहाणी मुलाखतीत टिकत नाही, कारण तारखा, ठिकाणं, माणसं पुन्हा पुन्हा उलटसुलट विचारतात. ‘उघड निराधार’ म्हणून अर्ज फेटाळला की कोर्टात जायला एकच आठवडा मिळतो, देशाबाहेर काढलं जाऊ शकतं, पुन्हा प्रवेशावर बंदी येऊ शकते. बोटांचे ठसे युरोपभरच्या नोंदीत गेलेले असतात, त्यामुळे शेजारच्या देशात नवा अर्ज करूनही उपयोग होत नाही.

आपल्या पोरांसाठी कायदेशीर रस्ते आहेत. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे. व्यावसायिक प्रशिक्षणाचा व्हिसा आहे, त्याला साधारण बी१ जर्मन लागतं. नोकरी शोधण्यासाठी ‘संधी कार्ड’ आहे: मान्य पदवी किंवा कौशल्य, किमान ए१ जर्मन किंवा बी२ इंग्रजी, वय, अनुभव, भाषा अशा गोष्टींवर मिळणारे किमान सहा गुण, आणि खर्चाची तरतूद (२०२५ मध्ये महिना १०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३०९२). रक्कम मोठी आहे, पण ती स्वतःच्याच नावावरच्या खात्यात राहते. एजंटला दिलेले पैसे परत येत नाहीत.

२०२४ च्या अखेरीस जगातल्या निर्वासितांपैकी ७३ टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होते. बहुतेकांना जर्मनी दिसतही नाही. भारत १९५१ च्या करारात नाही, म्हणून इथे अडकलेल्या येमेनी विद्यार्थ्याला संयुक्त राष्ट्रांचं ओळखपत्र मिळालं तरी त्यावर नोकरीचा हक्क मिळत नाही. त्याच्यासाठी आपल्या महाविद्यालयांना आणि विभागांना करता येण्याजोगं बरंच काही आहे. ट्रान्सक्रिप्टसाठी (सर्व सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी) समक्ष या असं सांगू नये, कारण देश सोडून गेलेल्याला पुन्हा भारताचा व्हिसा मिळेलच असं नाही. अर्ज ईमेलवर घ्यावा, प्रतिनिधीचं अधिकारपत्र मान्य करावं, अभ्यासक्रमाच्या पानापानावर शिक्का मारावा आणि पाकीट सीलबंद करून थेट मूल्यमापन संस्थेकडे पाठवावं.