सातवीच्या पुस्तकाबद्दल, एका वाचकाला

नमस्कार. 'तरफ: काम हलकं करणारी युक्ती' या माझ्या लेखावर आपण चार गोष्टी लिहिल्यात. तरफेने बल कमी लागतं, काम कमी होत नाही; चिमट्यात तर उलट बल जास्तच लागतं; शिवणयंत्राच्या सुईची गती वर्तुळाकार नसते; आणि "लिहायला बसण्याआधी सातवीचं पुस्तक उघडलं असतंत तर बरं झालं असतं."

सुईचं मान्य. पायमशीनचं पायडल डोलतं, चाक गोल फिरतं आणि सुई सरळ रेषेत वर-खाली होते. चाकाचं लिहिता लिहिता मी सुईवर घसरलो. दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मी कबूल करतो, नेहमीचे वाचक जाणतात.

पण ते पुस्तकाचं वाक्य कशासाठी? सुईची चूक एका ओळीत सांगून झाली होती. पुढचा टोमणा मारल्याशिवाय प्रतिक्रिया अपुरी वाटली असती का?

आता सातवीचा विषय काढलाच आहे, तर ऐका. सातवीच्या उन्हाळ्यात मी वडिलांबरोबर विहिरीच्या कामावर होतो. 5 फुटी पहार, टोकापासून 6 इंचांवर टेकूला एक गोटा. पलीकडे 6 इंच, आपल्या बाजूला 54. म्हणजे 180 किलोचा धोंडा 20 किलोच्या जोराने उचलला जातो. आधी काहीच हलत नाही. मग धोंड्याखालचा चिखल 'फस्स' करून सुटतो आणि हातातला ताण एकदम उतरतो. टेकू भुसभुशीत मातीत ठेवला तर धोंडा जागच्या जागी आणि टेकूच खाली. वडील चौथी शिकलेले. "जोर नको लावू, पहार अजून मागं धर," एवढंच म्हणायचे. हे कुठल्या इयत्तेच्या पुस्तकात आहे ते कळवा.

आणि हो, धोंडा 1 इंच वर यायला माझे हात 9 इंच खाली जायचे. विज्ञानात काम म्हणजे जोर गुणिले अंतर; 20 गुणिले 9 आणि 180 गुणिले 1 सारखेच, इतका गुणाकार मलाही येतो हो! पण मी परीक्षेचा पेपर लिहीत नव्हतो. आमच्यात 'काम हलकं झालं' म्हणजे संध्याकाळी कंबर धरली नाही.

चिमटा तिसऱ्या प्रकारातली तरफ, जोर टेकू आणि वजनाच्या मधे लागतो, म्हणून जास्त लागतो; त्यात नवीन काय? चिमट्याने कुणी धोंडे उचलत नाही.

तुमच्या प्रोफाइलवर नाव नाही, तेव्हा तुम्ही शिक्षक की विद्यार्थी, कळायला मार्ग नाही. शिक्षक असाल तर वर्गातल्या मुलांची काळजी वाटते.

लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदातल्या 'काम कमी होतं'च्या जागी मी 'जोर कमी लागतो' असं केलं आहे. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही, वाचायला बरं वाटतं म्हणून. शीर्षक आहे तेच राहील.