पियानो कधी वाजवणार?

काझुओ इशिगुरोचं 'द अनकन्सोल्ड' वाचत बसलेल्या माणसाला घरच्यांनी काम सांगू नये. कारण ती कादंबरीच मुळात कामं सांगणाऱ्या लोकांची आहे. 1995 साली आलेली, 535 पानांची. रायडर नावाचा जगप्रसिद्ध पियानोवादक मध्य युरोपातल्या एका निनावी शहरात येतो. गुरुवारी रात्री त्याचा कार्यक्रम. शहराची सगळी अब्रू त्या कार्यक्रमावर टांगलेली, आणि साहेबांना स्वतःचं वेळापत्रकच ठाऊक नाही! विचारायची लाज वाटते, म्हणून नुसती मान डोलावतात.

इथवर मी खूश होतो. मग तो लिफ्टमध्ये शिरला.

सोबत बॅगा घेऊन हॉटेलचा म्हातारा पोर्टर गुस्ताव. लिफ्टमध्येसुद्धा बॅगा खाली ठेवायच्या नाहीत, हे त्याचं ब्रीद. का ठेवायच्या नाहीत, ते तो सांगू लागतो. पान उलटलं, गुस्ताव बोलतोय. आणखी पान उलटलं, बॅगा हातातच, लिफ्ट मधेच कुठेतरी. आणि मग कळतं की कोपऱ्यात एक बाई मघापासून अंग चोरून उभ्या आहेत. आयोजकांकडून आलेल्या. मी मागे जाऊन तपासलं. मागच्या पानांत त्या नव्हत्या.

"पुस्तकच वाचतोयस ना? मग एवढे मटार सोल," आईनं पिशवी माझ्या पुढ्यात ओतली. "वाजवला का त्यानं पियानो?"

"अजून नाही. गुस्ताव म्हणाला, माझ्या मुलीशी जरा बोला."

"स्वतः का नाही बोलत?"

"बापलेकीत वर्षानुवर्षं थेट बोलणं नाही."

"हं," आई म्हणाली. आमच्या नात्यातली निदान दोन घरं तिच्या डोळ्यांपुढे आली असणार.

"हा भेटायला जातो, तर ती बहुतेक ह्याचीच बायको निघते."

"बहुतेक?"

"त्यालाही नीटसं आठवत नाही."

"लग्नाचा वाढदिवस विसरणारे मी पाहिलेत. हा त्यांच्या वरताण आहे."

समीक्षकांचं ह्या पुस्तकावर एकमत नाही. जेम्स वुड ह्यांनी तर लिहिलं की, ह्या पुस्तकानं वाईटपणाचा स्वतःचा असा एक वेगळाच प्रकार शोधून काढलाय. बाकीचे ह्याला स्वप्नाचं तंत्र म्हणतात. स्वप्न कसलं! हे लग्नघर आहे, आणि रायडर म्हणजे तिथे सापडलेला भिडस्त भाचा. जो येतो तो आधी माफी मागतो, "तुम्ही दमला असाल, पण एकच मिनिट," आणि ते मिनिट दहा पानं चालतं. हॉटेलच्या मॅनेजरला बायकोनं जमवलेल्या कात्रणांचे अल्बम दाखवायचेत. त्याच्या मुलाला वाजवून दाखवायचंय. पोर्टर लोकांना भाषणात आपला उल्लेख हवाय. ट्राममध्ये तिकिटं तपासणारी बाई निघते इंग्लंडमधली बालमैत्रीण, आणि तीही रागावलेली! हा कुणालाच नाही म्हणत नाही. ड्रेसिंग गाऊनवरच मेजवानीला नेलं, तर गेला. तिथे भाषणाला उभा राहिला आणि गाऊन सुटला. त्या पानावर मी पुस्तक उशीखाली ढकलून पाणी पिऊन आलो.

सरावाला वेळ नाहीच. हॉलचा घुमट समोर दिसतो, तर रस्त्यात आडवी भिंत. वाट नाही. वर तिथली बाई सांगते, उन्हाळ्यात ह्या भिंतीचे फोटो काढायला पर्यटकांची झुंबड उडते. हा प्रसंग मला मुळीच अद्भुत वाटला नाही, मी पुण्यात राहतो.

कार्यक्रमाच्या रात्री ऑर्केस्ट्राचे म्हातारे संचालक ब्रोडस्की एक पाय गमावून, इस्त्रीच्या टेबलाची कुबडी करून मंचावर येतात.

"थिएटरात इस्त्रीचं टेबल कुठून आलं?" आईनं विचारलं.

"लिहिलं असेल. मी मटार सोलत होतो."

"आणि पियानो?"

शेवट सांगून टाकतो. ह्या पुस्तकाचा शेवट सांगितल्यानं काही बिघडत नाही. रायडर पियानो वाजवतच नाही. तो पोचतो तेव्हा प्रेक्षक गेलेले, खुर्च्याही उचललेल्या. आईवडील ऐकायला येणार म्हणून तो पुस्तकभर वाट पाहत होता. ते आलेच नाहीत. बायको मुलाला घेऊन निघून जाते. तो ट्राममध्ये बसून हुंदके देतो, तर एक इलेक्ट्रिशियन त्याची समजूत घालतो आणि दाखवतो, मागच्या टोकाला नाश्ता मांडलाय. चक्क ट्राममध्ये. अंडी, क्रॉसाँ, कॉफी. रायडर ताट भरून घेतो आणि त्याला हळूहळू बरं वाटू लागतं.

आईनं साली पिशवीत भरल्या. "नशीब," ती म्हणाली, "कोणीतरी त्याला जेवलास का म्हणून विचारलं."