अ‍ॅपने आपली वाट बघावी

कामात लक्ष लागत नाही असं कुणी म्हणालं की त्याला दोन सल्ले हमखास मिळतात. मोबाइल लांब ठेव, नाहीतर वेळेचं नियोजन करणारं अमुक एक अ‍ॅप टाकून बघ. मला दोन्ही पटत नाहीत. ऑफिसचे निरोप, बँक, मुलांच्या शाळेच्या सूचना, घरच्यांशी बोलणं सगळं मोबाइलवर असताना तो दिवसभर लांब ठेवणं बहुतेकांना शक्यच नाही. आणि नवीन अ‍ॅप टाकणं म्हणजे पसारा आवरायला आणखी एक कपाट विकत आणणं. थोड्या दिवसांनी तेच अ‍ॅप ‘आज तुम्ही नोंद केली नाही’ म्हणून टोकायला लागतं.

माझं म्हणणं साधं आहे. मोबाइलवरच्या प्रत्येक अ‍ॅपला एक ठरावीक काम असावं, आणि मी ते उघडेपर्यंत त्याने गप्प बसावं.

हे गप्प बसणं एके काळी आपोआप होत होतं. फेसबुकवर 2006 मध्ये न्यूज फीड, म्हणजे सगळ्या मित्रांच्या घडामोडी एकत्र दाखवणारं पान, येईपर्यंत मित्राचं काय चाललंय ते त्याच्या पानावर जाऊन बघावं लागायचं. गेलात तर दिसायचं, नाही गेलात तर नाही. त्याच वर्षी एझा रास्किन या डिझायनरने न संपणाऱ्या स्क्रोलची रचना केली. त्याआधी पान संपायचं, ‘पुढचं पान’ हे बटण दाबावं लागायचं आणि त्या क्षणभरात ‘पुरे आता’ असं मनात यायला जागा असायची. पुढे रास्किननी स्वतःच या रचनेबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. 2009 मध्ये लाइकचं बटण आलं, त्याच वर्षी आयफोनवर पुश नोटिफिकेशन, म्हणजे अ‍ॅप न उघडताही आपणहून येणाऱ्या सूचना, आल्या. 2016 मध्ये इन्स्टाग्रामने पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवणं सोडलं आणि काय वर ठेवायचं ते अल्गोरिदम ठरवायला लागला. थांबायच्या जागा अशा एकेक करून गेल्या. जाहिरातींवर चालणाऱ्या अ‍ॅपला तुमचा वेळच विकायचा असतो, त्यामुळे हे व्हायचंच होतं. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर 2017 मध्ये उघडपणे म्हणाले होते की, लोकांचा जास्तीत जास्त वेळ आणि लक्ष कसं घेता येईल हाच विचार हे सगळं उभारताना होता.

म्हणून ‘तुझ्यात मनोनिग्रह नाही’ असं कुणी म्हणालं की मला राग येतो. एका बाजूला एकटा माणूस आणि दुसऱ्या बाजूला त्याला रोखून धरण्यासाठीच पगार घेणारी माणसं, असा हा सामना आहे. तो रोज नव्याने खेळण्यापेक्षा एकदा बसून सेटिंग्ज बदलणं शहाणपणाचं.

सुरुवात नोटिफिकेशनपासून करा, सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो. अँड्रॉइडवर 2017 पासून एकाच अ‍ॅपच्या सूचना प्रकारांनुसार वेगळ्या बंद करता येतात, आणि ही सोय फार कमी लोक वापरतात. सेटिंग्जमध्ये एखाद्या खरेदीच्या अ‍ॅपच्या नोटिफिकेशनमध्ये जाऊन बघा. बऱ्याचदा तिथे ऑर्डरची माहिती, ऑफर्स, ‘तुमच्यासाठी खास’ असे वेगवेगळे प्रकार दिसतात. ऑर्डरचा चालू ठेवायचा, बाकीचे बंद. ज्या अ‍ॅपने सगळं एकाच प्रकारात कोंबलंय त्याची नोटिफिकेशन सरसकट बंद करायची. माझी कसोटी एकच: ही सूचना एखाद्या जिवंत माणसाने मला उद्देशून पाठवली आहे का? बँकेचे व्यवहार, ओटीपी आणि कॅलेंडर हे अपवाद. या चाळणीतून फारच थोडं उरतं.

सूचना नुसती बघून सोडून दिली तरी काय बिघडतं, असं विचारलं जातं. बिघडतं. अर्धवट सोडलेल्या कामाचा काही भाग मनात रेंगाळतो आणि पुढच्या कामात पूर्ण लक्ष लागत नाही, हे सोफी लिरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये मांडलं. तुम्ही अहवाल लिहिताय आणि वर ‘जरा बोलायचं होतं’ एवढाच मेसेज चमकला. उघडला नाहीत, उत्तर दिलं नाहीत, तरी पुढचं वाक्य लिहिताना डोक्यात ‘काय बोलायचं असेल?’ हेच घोळत राहतं.

व्हॉट्सअ‍ॅपचं दुखणं वेगळं आहे. ते सोडता येत नाही, कारण आपली माणसंच तिथे आहेत. पण ग्रुप कायमचे म्यूट करता येतात, अर्काइव्ह करता येतात, म्हणजे मुख्य यादीतून बाजूला ठेवता येतात, आणि आता नवीन मेसेज आला तरी ते अर्काइव्हमध्येच राहतात. ग्रुपमधून बाहेर पडायची भीड वाटत असेल तर हा मार्ग धरा, कुणाचं मन दुखत नाही. मेसेज वाचल्याचं सांगणाऱ्या निळ्या खुणाही बंद करता येतात. मुळात मेसेज म्हणजे पत्र, सवडीने वाचायचं, अशी समजूत आपल्यात रुजायला हवी. ‘बघितलंस आणि उत्तर दिलं नाहीस’ हा आरोप नात्यांना उगाच त्रास देतो.

सोशल मीडियाची अ‍ॅप्स शक्य असेल तर काढून टाका आणि ब्राउझरमधून लॉगिन करून बघा, झालं की लॉगआउट. ते जरा गैरसोयीचं आहे, आणि तीच गैरसोय उपयोगाची आहे. अ‍ॅप ठेवायचंच असेल तर इन्स्टाग्रामवर 2022 पासून ‘फॉलोइंग’चा पर्याय आहे, त्यात आपण निवडलेल्यांच्याच पोस्ट वेळेच्या क्रमाने येतात. ज्यांचा धंदा सोशल मीडियावर चालतो त्यांना यातलं बरंचसं जमणार नाही, हे मला मान्य आहे. त्यांनीही पोस्ट टाकायची वेळ आणि दुसऱ्यांचं बघायची वेळ वेगळी ठेवली तर कामाचे तास वाचतील.

याद्या, नोंदी, लक्षात ठेवायच्या गोष्टी यांसाठी मोबाइलसोबत आलेलं नोट्सचं अ‍ॅप पुरतं.

तर मित्रमैत्रिणींनो, यापुढे माझ्याकडे काही तातडीचं असेल तर सरळ फोन करा, मी उचलेन. मेसेजला उत्तर मिळेल, पण दुपारी जेवणानंतर किंवा संध्याकाळी काम संपल्यावर. या पोस्टवरच्या कमेंटही मी त्याच वेळी वाचणार आहे. तुम्ही कोणत्या अ‍ॅपच्या कोणत्या सूचना बंद केल्यात ते जरूर लिहा.