थ्रीडी चित्रे ‘नुसता देखावा’ नव्हेत

घर बांधायला निघालेल्या माणसाच्या मोबाइलवर हमखास येऊन पडणारा एक संदेश सध्या सोलापुरात बराच फिरतो आहे. संगणकावर काढलेली थ्रीडी चित्रे हा गिऱ्हाइकाला भुलवण्याचा देखावा आहे, मंजूर नकाशा आणि जुना मिस्त्री असला की पुरे, चित्रातले घर प्रत्यक्षात कधीच तसे उतरत नाही आणि असले लाड मुंबई-पुण्याच्या टॉवरांनाच परवडतात, असे त्यात म्हटले आहे. यातला एकच मुद्दा निम्मा खरा आहे.

देखाव्याचा आरोप आधी घेऊ. गुळगुळीत चित्र हे या कामाचे केवळ शेवटचे टोक असते. त्याआधी भिंती, स्लॅब आणि खिडक्या संगणकात मापाने उभ्या केलेल्या असतात, आणि त्या प्रतिकृतीला गावाचे अक्षांश, तारीख व वेळ पुरवली की ऊन नेमके कोठवर येईल हे ती दाखवते. सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे साधारण १० मेपासून १ ऑगस्टपर्यंत मध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. उत्तरेचा उजेड म्हणजे बिनउन्हाचा उजेड हे गृहीत धरून यंत्रमागाच्या शेडला करवती छप्पर (करवतीच्या दात्यांसारखे, उत्तरेला काचा असलेले) घालणाऱ्याने हे ध्यानात घ्यायला हवे, कारण त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊनही उत्तरेच्या काचेतून आत येते. छज्ज्याचेही तसेच. दक्षिणेच्या खिडकीवरचा ६० सेंटिमीटरचा छज्जा २१ मार्चच्या मध्यान्ही चार फुटी खिडकी पुरती झाकतो. पश्चिमेच्या खिडकीवरचा तेवढाच छज्जा मेच्या मध्यात दुपारी साडेचारला जेमतेम सवा फूट सावली देतो. आपल्याकडे तरीही चारही बाजूंना एकाच मापाचे छज्जे काढले जातात. डिसेंबरच्या अखेरीस १५ मीटर उंच इमारतीची मध्यान्हीची सावली उत्तरेकडे सुमारे १३ मीटर पडते. शेजाऱ्याच्या गच्चीवर रंगवलेले सूत वाळत घातले जात असेल, तर हा आकडा भांडण होण्याआधी कळलेला बरा.

‘नकाशा पुरेसा आहे’ हे म्हणणे परवानगीपुरते ठीक आहे. नकाशा लांबी-रुंदी सांगतो. जिना चढताना डोके तुळईला लागेल का, हे घरमालकाला त्यावरून उमगत नाही, आणि बहुतेक मालक ते कबूलही करत नाहीत. नगररचनेत हाच प्रश्न मोठा होतो. विमानतळाभोवती उंचीची मर्यादा ठरवणारे कल्पित, चढते पृष्ठभाग मानलेले असतात, आणि सपाट नकाशावर ते केवळ रेघा होऊन राहतात. होटगी रस्त्यावरील विमानतळाला अडथळा ठरणारी साखर कारखान्याची उंच चिमणी जून २०२३ मध्ये पाडण्यात आली. त्या वादात कोणाचे चुकले हा वेगळा विषय. पण असे पृष्ठभाग शहराच्या त्रिमितीय नकाशावर बसवले, तर नवे बांधकाम त्यांना छेदते की नाही हे पाया खणण्याआधीच कोणालाही डोळ्यांनी पाहता येते.

चित्र खोटे असते, हा तो निम्मा खरा मुद्दा. रुंद कोनाच्या कॅमेऱ्याने दहा फुटी खोली दिवाणखान्याएवढी दिसते, दारातली विजेची तार गायब होते, आणि आपल्या मुरमाड जमिनीत रातोरात गर्द झाडी उगवते. म्हणून चित्र कोणत्या उंचीवरून, कोणत्या महिन्यातले आणि किती वाजताचे आहे हे विचारावे. शिवाय २०१६ च्या रेरा कायद्याचे (घरबांधणी व्यवसायाचे नियमन करणाऱ्या कायद्याचे) कलम १२ सांगते की जाहिरातीतील किंवा माहितीपत्रकातील खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरल्याने ग्राहकाचे नुकसान झाले, तर प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला, भरपाई द्यावी लागते. तेव्हा ते चित्र जपून ठेवावे. टाकून देऊ नये.

परवडण्याचा मुद्दा फार वेळ घेत नाही. ब्लेंडर हे थ्रीडी चित्रे काढण्याचे सॉफ्टवेअर २००२ पासून मुक्त, म्हणजे कोणालाही फुकट वापरता येणारे, आहे, आणि दोन खोल्यांच्या घराला चकचकीत चित्राची गरजच नसते. राखाडी ठोकळे आणि त्यांच्या खऱ्या सावल्या पुरतात. कुंभारीच्या रे नगरसारख्या ३०,००० घरांच्या वसाहतीत तर एका घरात चुकलेली खिडकी तेवढ्याच वेळा चुकते. राहिला मिस्त्री. स्लॅब पडल्यावर जिना सरकवण्यासाठी ब्रेकर त्यालाच लावावा लागतो, त्यामुळे सेंट्रिंग ठोकण्याआधी ही प्रतिकृती पहिल्यांदा त्यालाच दाखवावी.